कानापुरतें गाणें

नागपूरकडील एका वाचक भगिनींनीं आम्हांस लिहिलें आहे कीं, घरांत माणसें नऊ, खोल्या चार आणि ऐकण्याच्या आवडी नऊ प्रकारच्या. सासऱ्यांस सायंकाळच्या बातम्या हव्या असतात, दिरास क्रिकेटचा सामना चुकवितां येत नाहीं, धाकट्या जावेचें तान्हें नेमकें त्याच वेळीं निजलेलें असतें. आणि दिवसाचें काम आटोपल्यावर अर्धा तास ख्याल ऐकावासा वाटतो, तो अर्धा तास गेल्या चार वर्षांत मिळालेला नाहीं. तरी ऐपतींत बसेल आणि बाहेर आवाज सांडणार नाहीं असा हेडफोन कोणता घ्यावा, तें या सदरांत सांगावें. पत्र दहा ओळींचें आहे. परंतु ‘गेल्या चार वर्षांत’ हे तीन शब्द वाचल्यावर या महिन्यासाठीं योजिलेला विषय आम्हीं बाजूस ठेवला.

एकत्र कुटुंबांत ऐकणें ही पूर्वीं सामाईक गोष्ट होती. ओसरीवर ग्रामोफोन असे, पुढें रेडिओ आला. जें लागे तें सर्वांनीं ऐकावें, आणि काय लावावें हें वडीलधाऱ्यांनीं ठरवावें, असा रिवाज होता. त्यांत गोडी होती, नाहीं असें नाहीं. १९५५-५६ सालीं पुणें आकाशवाणीवरून गीतरामायण प्रसारित होत असे, तेव्हां शेजारपाजारची मंडळी एका रेडिओभोंवतीं कशी जमत, हें वडिलांच्या तोंडून पुष्कळांनीं ऐकलें असेल. पण त्या रिवाजांत एक अन्यायहि होता; ज्याच्या हातीं रेडिओची कळ त्याच्या हातीं गाणें. सुनांच्या हातीं ती कळ फारशी कधीं गेली नाहीं. आतां प्रत्येकाच्या हातांत स्वतंत्र मोबाईल आला, तरी स्थिति पालटली आहे असें म्हणवत नाहीं. एकाच माजघरांत तीन यंत्रें तीन सुरांत बोलूं लागलीं, म्हणजे जिला संकोच अधिक ती आपलें यंत्र प्रथम बंद करिते. म्हणून चांगला हेडफोन ही चैन आहे असें आम्ही मानीत नाहीं. घरांत ज्याप्रमाणें प्रत्येकास स्वतःचें पांघरूण असावें लागतें, त्याच कोटींतली ही वस्तु होय.

‘हेडफोन’ या शब्दास संस्कृत प्रतिशब्द कां योजीत नाहीं, असें आमचे एक जुने विद्यार्थी आम्हांस विचारितात. योजितां येईल; परंतु दुकानदारास न कळणारा शब्द घेऊन बाजारांत गेलेला मनुष्य रिकाम्या हातीं परत येतो.

हेडफोनांचे मुख्य भेद दोन. ज्याच्या वाटीची पाठ जाळीची किंवा सच्छिद्र असते तो उघड्या पाठीचा. आणि जिची पाठ बुजविलेली असते त्या वाटीचा तो बंद पाठीचा, ज्यास दुकानांत ‘क्लोज्ड बॅक’ म्हणतात. यांतील बंद पाठीचाच प्रकार जुना. अमेरिकेंत युटा संस्थानांत नॅथॅनियल बॉल्डविन या गृहस्थानें १९१० च्या सुमारास आपल्या स्वयंपाकघरांत बसून तयार केलेले हेडफोन तेथील आरमारानें विकत घेतले. त्यांचा उपयोग बिनतारी संदेश ऐकण्यापुरता. १९३७ सालीं जर्मनींतील बायर कंपनीनें डीटी ४८ नांवाचा हेडफोन काढला. दोन कानांस दोन निराळे आवाज देऊन गाणें ऐकविणारा हेडफोन अमेरिकेंत जॉन कॉस यानें १९५८ सालीं आणला, आणि उघड्या पाठीचा एचडी ४१४ सेनहायझर कंपनीनें त्यानंतर दहा वर्षांनीं, १९६८ सालीं. उघड्या पाठींतून गाणें अधिक मोकळें, समोर बैठक बसल्यासारखें वाटतें हें खरें. पण शेजारीं बसलेल्या माणसासहि तें स्वच्छ ऐकूं जातें, आणि घरांतला सर्व गलबला आपल्या कानांत शिरतो. ज्यास स्वतंत्र खोली आहे त्यानें तो खुशाल घ्यावा. आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांस ती सोय नाहीं, म्हणून यापुढें बंद पाठीचीच गोष्ट करूं.

वाटीच्या आंत एक पातळ पडदा असतो. त्यास बारीक तारेचें वेटोळें चिकटविलेलें असून तें लोहचुंबकाच्या फटींत अधांतरीं राहिलेलें असतें. गाण्याबरहुकूम विजेचा प्रवाह कमीजास्त होतो, वेटोळें मागेंपुढें सरतें आणि पडदा हवा हालवितो. आतां हा पडदा जेवढा आवाज कानाकडे धाडतो तेवढाच पाठीकडेहि धाडतो. उघड्या पाठींतून तो मागचा आवाज निघून जातो. बंद पाठींत त्यास वाट नाहीं. तो वाटीच्या भिंतीवर आपटून परत फिरतो आणि पुढच्या आवाजांत मिसळतो. रिकाम्या हंड्यांत तोंड घालून बोललें असतां आपलाच आवाज जसा घुमून ऐकूं येतो, तशी हलक्या हेडफोनांत गवयाच्या आवाजाची गत होते. वाटीची घडण, आंत घातलेला मऊ भराव, हवेसाठीं ठेवलेलीं सूक्ष्म छिद्रें, या सर्वांचा हेतु हें घुमणें मोडण्याचा असतो. आणि बंद पाठीच्या हेडफोनांत कारागिराची खरी परीक्षा होते ती येथेंच. पैसा कोठें मुरला आणि कोठें केवळ वरच्या चकाकींत गेला, तें कळण्यासहि हीच जागा.

दुसरी गोष्ट गादीची. खर्जाचा आवाज कानापर्यंत पोंचण्यास कान, गादी आणि वाटी यांच्यामधील हवा चोहोंबाजूंनीं कोंडलेली असावी लागते. कोठें फट राहिली कीं प्रथम खर्ज पळतो, आणि मागें राहतो तो चिरका, हलका आवाज. पुष्कळ लोक ‘या हेडफोनांत दमच नाहीं’ म्हणून तक्रार करितात. त्यांतील निम्म्या तक्रारी हेडफोनाच्या नसून गादी नीट न बसल्याच्या असाव्यात, असा आमचा तर्क आहे. याची परीक्षा सोपी आहे. गाणें चालूं असतां दोन्हीं हातांनीं वाट्या कानांवर हळूच दाबाव्या. दाबल्याबरोबर डग्गा एकाएकीं भरून येत असेल, तर तो हेडफोन आपल्या डोक्यास बसत नाहीं असें समजून दुसरा मागावा. चष्मा वापरणारांनीं ही परीक्षा चष्म्यासकट करावी. दुकानांत चष्मा काढून हेडफोन लावणें आणि घरीं चष्मा लावून ऐकणें, हें पायांतला जोडा उभ्यानें न पाहतां घेतल्यासारखें आहे. जाड काडीचा चष्मा असेल तर गादी मऊ आणि खोल पाहिजे.

कानावर टेकणारे आणि कानाभोंवतीं बसणारे, असे आणखी दोन पोटभेद आहेत. कानावर टेकणारे आकारानें लहान आणि किमतीनें कमी असतात, पण अर्ध्या तासानें कानाची पाळी दुखूं लागते. स्त्रियांस तर ते मुळींच घेऊं नयेत असें आम्ही सांगतों. कानांत कुडी असेल, मागें फिरकी असेल, वर बुगडी असेल, तर ती गादी तेवढें सगळें कानांत रुतविते. आणि प्रत्येक वेळीं कुडी काढून गाणें ऐकावें असें म्हणणें म्हणजे ऐकूं नये असेंच म्हणणें होय. कानाभोंवतीं बसणारा, आंतून ऐसपैस वाटीचा हेडफोन घ्यावा. कान पूर्ण आंत मावला पाहिजे व आंतल्या कापडास लागतां कामा नये.

बंद पाठीमुळें बाहेरचा कोणता आवाज अडतो आणि कोणता नाहीं, याविषयीं घेणाराची समजूत आरंभींच स्पष्ट असलेली बरी, नाहींतर मागाहून निराशा होते. गादी आणि वाटी उंच स्वर चांगले अडवितात, खालचे स्वर कमी अडवितात. कुकरची शिटी, भांड्यांचा खणखणाट, लहान मुलांचें किंचाळणें यांची धार बोथट होते. परंतु पंख्याची घरघर, रस्त्यावरील मोटारगाडीचा गुरगुराट आणि शेजारच्या पाण्याच्या पंपाचा घुमारा बराचसा आंत येतो. हल्लीं विजेच्या साहाय्यानें आवाज मारणारे हेडफोन निघाले आहेत, त्यांची गोष्ट बरोबर उलट. ते बाहेरच्या आवाजाच्या विरुद्ध आवाज निर्माण करून तो नाहींसा करितात, आणि ही युक्ति संथ, खालच्या, एकसारख्या घरघरीवर चांगली चालते. आगगाडींत व विमानांत म्हणूनच त्यांची ख्याति. घरांतील हांका व शिट्या थांबविण्यासाठीं त्यांजवर दुप्पट पैसा घालण्यांत अर्थ नाहीं.

आतां पेटीवर छापलेले आंकडे. कंपन्या लिहितात कीं, आमचा हेडफोन ५ पासून ४०,००० हर्ट्‌झपर्यंत आवाज देतो. तरुण निरोगी मनुष्यास २० पासून २०,००० हर्ट्‌झपर्यंत ऐकूं येतें, आणि वय वाढेल तशी वरची हद्द खालीं उतरते; आमच्यासारख्या साठी उलटलेल्या मनुष्यानें ४०,००० साठीं पैसे मोजणें म्हणजे वटवाघळासाठीं गाण्याची बैठक भरविणें. पडद्याचा व्यास ४० मिलिमीटर कीं ५०, यावरूनहि आवाजाची प्रत ठरत नाहीं. मोठ्या हंड्यांतला भात चांगलाच शिजलेला असतो असें कोणी म्हणेल काय? पाहावयाचा आंकडा एकच, तो ओहमचा. मोबाईलसारख्या लहान यंत्रास १६ पासून सुमारें ६० ओहमपर्यंतचे हेडफोन सहसा नीट चालवितां येतात. तोच हेडफोन २५० ओहमचा असेल तर आवाज मंद व निर्जीव निघतो, आणि त्यास जोडीला प्रवर्धक लागतो, म्हणजे आणखी खर्च.

किमतीविषयीं एक अभ्यास येथें सांगण्यासारखा आहे. येरून ब्रेबार्ट या संशोधकानें २०१७ सालीं २८३ हेडफोनांचीं मापें किमतींशीं ताडून पाहिलीं. कोणता स्वर किती जोरानें उमटतो, या एका कसोटीपुरता त्याचा निष्कर्ष असा कीं, किंमत आणि आवाज यांचा कांहीं संबंध दिसत नाहीं. महाग हेडफोनाची घडण, टिकाऊपणा व आराम यांत फरक असूं शकतो. परंतु ‘किंमत जास्त म्हणून आवाज चांगला’ हें अनुमान तर्कशास्त्राच्या पहिल्या वर्गांतसुद्धां टिकणारें नव्हे. मध्यमवर्गीय गृहस्थास ही वार्ता सुखदच वाटावी.

मग परीक्षा कशी करावी? ज्यास आपण पुष्कळ वेळां ऐकलें आहे असें एक गाणें घेऊन दुकानांत जावें. दुकानदार लावील तें ऐकूं नये, कारण तो जें लावतो तें त्या हेडफोनाचा डौल दाखविणारेंच असतें. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे दोन हेडफोनांची तुलना करितांना दोहोंचा आवाज सारखा ठेवावा. मनुष्याच्या कानाचा धर्म असा आहे कीं, किंचित् मोठा आवाज त्यास अधिक चांगला वाटतो, आणि ज्याचा नफा अधिक तो हेडफोन दोन घरें चढवून ऐकविणें ही विक्रीची जुनी युक्ति आहे.

आपल्या संगीतापुरतें बोलावयाचें तर कसोटीचा दगड तंबोराच. काळी एक या पट्टींत गाणाऱ्या पुरुषाचा षड्ज सुमारें १३९ हर्ट्‌झचा असतो; तंबोऱ्याची शेवटची खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, म्हणजे सुमारें ६९ हर्ट्‌झवर लागलेली असते. परंतु जवारीमुळें त्या एका तारेंतून निघणारे उपस्वर कित्येक हजार हर्ट्‌झपर्यंत वर चढतात, आणि तंबोऱ्याचा जो झंकार आपणांस मोहवितो तो त्यांचाच. म्हणजे एकटा तंबोरा हेडफोनाच्या खालच्या व वरच्या दोन्ही टोंकांची परीक्षा एकदम घेतो. चारी तारा निरनिराळ्या, क्रमानें छेडलेल्या ऐकूं येतात काय? कीं नुसती मधमाशांची गुणगुण कानांत भरते? गवई गाऊं लागल्यावरहि तंबोरा मागें जिवंत राहतो काय? यांची उत्तरें होकारार्थीं आलीं तर बाकीची चिंता फारशी करण्याचें कारण नाहीं.

बाजारांतील स्वस्त हेडफोनांचा मोठा दोष असा कीं, ते तरुणांच्या आवडीस्तव खर्ज मुद्दाम फुगवितात. चित्रपटांतील नव्या ठेक्यांस तें शोभत असेल. ख्यालांत मात्र तो फुगवटा सगळा डग्ग्यावर येऊन बसतो. डग्ग्यावरची मींड स्पष्ट न उमटतां नुसता धुमधुमाट होतो, आणि तो गवयाच्या मंद्र सप्तकावर पसरून शब्द गिळतो. याच्या उलट दोष म्हणजे दोन ते चार हजार हर्ट्‌झच्या आसपासचा कर्कशपणा. त्यानें पेटी टोंचते आणि तार षड्जावर गायिकेचा आवाज कांच खरवडल्यासारखा लागतो. दहा मिनिटांत हा दोष कळत नाहीं, चाळीस मिनिटांनीं डोकें दुखूं लागलें म्हणजे कळतो. म्हणून माल परत घेण्याची मुदत देणाऱ्या ठिकाणींच खरेदी करावी व त्या मुदतींत एक अख्खी बैठक ऐकून घ्यावी. कांहीं दिवस वाजविल्यानें पडदा मोकळा होऊन आवाज सुधारतो, असें विक्रेते सांगतात त्यावर भिस्त ठेवूं नये; मऊ होते ती गादी, आणि संवय होते ती कानास. तोंपर्यंत परत करण्याची मुदत मात्र संपलेली असते.

जुन्या ध्वनिमुद्रिकांचे जे शौकीन आहेत त्यांस एक निराळा इशारा देतों. १९०२ सालीं कलकत्त्यास गौहरजान हिचें गाणें मुद्रित झालें, तेव्हांपासून १९२५ च्या सुमारापर्यंत सर्व मुद्रण कर्ण्यांतून, विजेच्या साहाय्यावांचून होत असे. त्या पद्धतींत सुमारें २५० च्या खालचे व २,५०० हर्ट्‌झच्या वरचे स्वर मुद्रिकेंत फारसे उतरतच नसत. जें मुळांत नाहीं तें कितीहि मोलाच्या हेडफोनांतून निघणार नाहीं. उलट सुईची खरखर मात्र अधिक बारकाईनें ऐकूं येईल. नाट्यसंगीताच्या व ख्यालाच्या त्या जुन्या तबकड्यांवर ज्यांचा जीव आहे त्यांनीं स्वस्तांतला, मऊ गादीचा, वरच्या स्वरांत फार तीक्ष्ण नसलेला हेडफोन घ्यावा आणि उरलेल्या पैशांत मुलांस पुस्तकें आणावीं.

आतां नांवें. आमच्या मतें घरगुती उपयोगासाठीं आरंभ करण्यास योग्य असा हेडफोन म्हणजे ऑडिओ-टेक्निका या जपानी कंपनीचा एटीएच-एम२०एक्स. बंद पाठीचा, कानाभोंवतीं बसणारा, ४७ ओहमचा, वजन १९० ग्रॅम. मोबाईलवर नीट चालतो, आणि आवाजांत सोंग नाहीं. त्याची तार तीन मीटर लांब असून ती कायमची जोडलेली आहे, हा दोष. तार तुटली कीं दुरुस्तीवाल्याचें तोंड पाहावें लागतें. त्याचाच थोरला भाऊ एम४०एक्स. तो ३५ ओहमचा, वजन २४० ग्रॅम, तार काढतां-घालतां येते; आवाज अधिक समतोल, आणि आमच्या कानास तंबोरा त्यांत अधिक मोकळा लागतो. परंतु एम२०एक्स हा त्याच्या सुमारें निम्म्या किमतींत येतो हें लक्षांत घेतां, पहिला हेडफोन घेणाऱ्या कुटुंबास दुप्पट पैसे घालण्याचा आग्रह आम्ही करणार नाहीं. सोनीचा एमडीआर-७५०६ हा १९९१ पासून ध्वनिमुद्रण करणाऱ्यांच्या डोक्यावर बसलेला आहे. त्यांतून शब्द इतके स्पष्ट निघतात कीं कीर्तन, व्याख्यान व नाटक ऐकणाऱ्यांस तो फार आवडेल. तार षड्जाचें ज्यांस वावडें आहे त्यांस तो कांहींसा तिखट लागेल. सेनहायझरचा एचडी २८० प्रो बाहेरचा आवाज अडविण्यांत पटाईत. कंपनी ३२ डेसिबेलपर्यंत म्हणते. पण तो डोकें आवळून धरतो, व मोठ्या डोक्याच्या माणसास तासाभरांत ती आवळ नकोशी होते. बायरडायनामिकचा डीटी ७७० प्रो आरामांत सर्वांहून सरस, गादी मखमालीसारखी. तो ऐपतीबाहेरचा नसेल त्यानें घ्यावा, मात्र त्याचे ३२, ८० व २५० ओहमचे असे निरनिराळे प्रकार निघतात, त्यांतील २५० चा चुकून घरीं येऊं देऊं नये.

नामांकित कंपन्यांच्या हुबेहूब नकला बाजारांत पुष्कळ आहेत. पेटी, छाप, अक्षरें सगळीं तशींच, आंत मात्र खेळण्याचा पडदा. अधिकृत विक्रेत्याकडून पावती घेऊनच माल घ्यावा. रस्त्यावरील मांडणींत चौथाईनें मिळणारा ‘तोच’ हेडफोन तो नव्हेच.

तरुण मंडळी विचारतील कीं, बिनतारी कां नको? नको असें नाहीं. स्वयंपाकघरांत उभ्यानें काम करितांना तार शेगडीवरून ओढली जाते, तेथें बिनतारीच बरा. परंतु हिशेब स्पष्ट असावा. बिनतारी हेडफोनाच्या किमतींत विजेचा साठा, रेडिओचें यंत्र, ध्वनि उलगडणारें यंत्र, या सर्वांचे पैसे असतात. तितक्याच किमतीच्या तारेच्या हेडफोनांत ते पैसे पडदा आणि वाटी यांवर खर्चितां येतात. शिवाय साठा कांहीं वर्षांनीं म्हातारा होतो, आणि स्वस्त वस्तूंत तो बदलण्याची सोय बहुधा नसते. तारेचा हेडफोन नीट वापरला तर मुलाकडून नातवाकडे जातो. हल्लींच्या कित्येक मोबाईलांस तारेचें भोंक नसतें, ही मात्र खरी अडचण आहे. त्यासाठीं बोटाएवढा एक जोड मिळतो, तो हेडफोनाबरोबरच घेऊन तेथेंच लावून पाहावा. प्रत्येक जोड प्रत्येक मोबाईलांत चालतोच असें नाहीं.

येथवर घेण्याची गोष्ट झाली. वापरण्याची गोष्ट तीहून अधिक काळजीची आहे. कानाच्या आंत शंखाकृति भागांत ज्या सूक्ष्म केशपेशी असतात त्या एकदां मेल्या म्हणजे मनुष्यांत पुन्हां उगवत नाहींत; दांत तरी एकदां पडून येतात. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांनीं २०१९ सालीं जें प्रमाण प्रसिद्ध केलें, त्याप्रमाणें मोठ्या माणसास आठवड्यास ४० तास ८० डेसिबेल, आणि मुलांस तितकेच तास ७५ डेसिबेल ही मर्यादा आहे. आवाज ३ डेसिबेलनें वाढला कीं वेळ निम्मा करावयाचा. म्हणजे ९० डेसिबेलवर आठवड्याचे चारच तास. आणि एवढा आवाज मोबाईलवर सहज चढतो. बंद पाठीचा खरा उपकार येथें आहे. बाहेरचा गलबला अडला म्हणजे आपलें गाणें त्यावर मात करण्यासाठीं चढवावें लागत नाहीं. परंतु हा उपकार, आवाज खालीं ठेवणारासच मिळतो. आवाजाची निम्मी पट्टी ओलांडूं नये, असा नेम घरांतील मुलांस घालून द्यावा. हेडफोन काढल्यावर कानांत गुणगुण राहिली किंवा माणसांचें बोलणें कांहीं वेळ दूरचें वाटलें, तर मर्यादा ओलांडली असें समजावें. असें वारंवार होत असेल तर कानाच्या वैद्याकडे जाण्यास उशीर करूं नये. मुलगा हांकेस ओ देत नाहीं तें दर वेळीं उर्मटपणामुळेंच असतें, असें धरून चालणाऱ्या वडिलांनीं हें वाक्य पुन्हां वाचावें.

हेडफोन लावून रस्ता किंवा आगगाडीचे रूळ ओलांडणें याविषयीं आम्ही उपदेश करीत नाहीं. घरांतील मोठ्यांनीं तें सरळ मना करावें.

घरांतल्या घरांत एक प्रश्न उरतो तो असा कीं, ज्यानें कान झांकले त्यानें घरास पाठ फिरविली असें होणार नाहीं काय? कांहीं वृद्ध वाचकांस हें फार लागतें, आणि त्यांचें म्हणणें अगदींच पोकळ नाहीं. आजेसासूबाईंनीं पाणी मागितलें आणि सून कान झांकून बसली, दूध उतूं गेलें, दाराशीं पाहुणा तिष्ठत राहिला, अशा गोष्टी घडतात. परंतु यावर उपाय हेडफोन जप्त करणें हा नव्हे. ज्या घरांत अंथरुणास खिळलेलें माणूस आहे तेथें एकाच्या कानांवर हेडफोन असतां दुसऱ्यानें कान मोकळे ठेवावे आणि तसें बोलून ठरवावें. जसें आपण रात्रीच्या जागरणाच्या पाळ्या ठरवितों. ऐकणाऱ्यानें भिंतीकडे तोंड न करितां दाराकडे तोंड करून बसावें, म्हणजे कोणी आलें तर दिसतें. हांक मारणाऱ्यानें मागून एकदम वाटी ओढूं नये, समोर येऊन हात हालवावा. आणि ही पाळी सासूनें, नवऱ्यानें व दिरानेंहि घ्यावी. सुनेचा अर्धा तास म्हणजे घरास तिची गरज नसेल तेव्हांचा अर्धा तास, असा अर्थ केल्यास तो तिला आणखी चार वर्षें मिळणार नाहीं, कारण तशी वेळ एकत्र कुटुंबांत येतच नाहीं. घड्याळांत वेळ नेमून द्यावी. रात्रीं साडेनऊ ते दहा म्हटलें तर साडेनऊ ते दहा. त्या वेळांत चहा मागूं नये.

एकाच हेडफोनावर तिघांचौघांनीं भागवावें काय, असें कोणी विचारील. भागवितां येईल, पण गादी प्रत्येकानें लावण्यापूर्वीं कोरड्या फडक्यानें पुसावी, आणि कान वाहत असलेल्या मुलास तो देऊं नये. कृत्रिम चामड्याची गादी आपल्या हवेंत, विशेषतः कोंकणांत व मुंबईस, दोनतीन पावसाळ्यांत सोलूं लागते आणि काळ्या खपल्या कानास चिकटतात. तेव्हां हेडफोन टाकून देण्याचें कारण नाहीं. एम२०एक्स, एम४०एक्स, ७५०६ या सर्वांच्या गाद्या निराळ्या विकत मिळतात व घरीं बदलतां येतात. प्लगाजवळ तार चिरली तर शहरांतील कोणताहि डाख देणारा कारागीर थोडक्या पैशांत नवा प्लग बसवून देतो. तार हेडफोनाभोंवतीं करकचून गुंडाळूं नये, सैल वेटोळें करून खुंटीस अडकवावी. रविवारीं डोक्यास तेल घालणाऱ्या घरांत गादीसाठीं जुन्या, मऊ झालेल्या धोतराच्या कापडाच्या दोन टोप्या नाडी ओवून शिवाव्या. कापड अगदीं पातळ असावें, जाड झालें तर फट राहून खर्ज पळतो. टोप्या आठ दिवसांनीं इतर धुण्याबरोबर धुवाव्या, आणि पूर्ण वाळल्याखेरीज पुन्हां चढवूं नयेत.